सव्वा महिन्याचं पाणी

राजाजीनगरातल्या त्या कोपऱ्यावरून पूर्वी नाक दाबल्याशिवाय जाता येत नसे. बंद पडलेल्या पंपघरामागची जागा, आणि तिथे सगळ्या गल्लीचा कचरा! सुलभाताईंनी तीस वर्षं अर्ज केले, भांडणं केली. साठी उलटल्यावर एक दिवस त्या पदर खोचून स्वतःच तिथे उतरल्या. सोबतीला गल्ली झाडणारी धनलक्ष्मी. दोघींनी उकिरडा उपसून तुळस, सब्जा, झेंडू लावला आणि वर्षभरात तिथे मधमाश्या गुणगुणायला लागल्या. त्यांना प्यायला म्हणून सात पसरट मातीच्या थाळ्या ठेवल्या, माश्या बुडू नयेत म्हणून त्यांत गोटे घातले. नियम एकच, रोज सकाळी पाणी ओतून टाकायचं, थाळी घासायची आणि नवं पाणी भरायचं.

जूनमध्ये लेकीचं, गौरीचं, बाळंतपण आलं. पुण्याला सव्वा महिना तरी राहणं भाग होतं. थाळ्या धनलक्ष्मीवर सोपवाव्यात असं त्यांच्या मनात होतं, पण त्यांचे यजमान दामोदरपंत म्हणाले, "तिला कशाला? मी आहे की रिकामा."

परतल्या त्या दिवशी बॅग हातातून घेताघेताच दामोदरपंतांनी सांगितलं, "वरची मैत्रेयी दवाखान्यात आहे. डेंग्यू."

मैत्रेयी म्हणजे वरच्या भाडेकरूंची सात वर्षांची पोर. आई अमृता आणि वडील सुशांत दोघंही पुण्याहून आलेले, महादेवपुऱ्याच्या कंपनीत. शाळा सुटली की पोर दामोदरपंतांच्या मागे मागे, नाहीतर बागेत थाळ्यांपाशी उकिडवी बसलेली.

सुलभाताई चप्पलसुद्धा न काढता कोपऱ्यावर गेल्या. पहिल्या थाळीत डोकावल्या. पाण्यात डासांच्या बारीक अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्या थाळीत तेच, तिसऱ्यातही तेच.

"अहो, पाणी बदलत होतात ना?"

"रोज घालत होतो की! कमी झालं की वरून भरायचो. अगं, स्वच्छ पाणी ओतून कशाला द्यायचं? टँकरसाठी कसे ताटकळलो होतो, विसरलीस?"

काय बोलणार या माणसाला! जन्मभर सरकारी कारखान्यात केसाएवढ्या मापाचं काम केलं, पण तांब्याभर पाणी फेकायला हात धजला नाही. सुलभाताईंनी सातही थाळ्या उन्हात तापलेल्या फरशीवर ओतल्या, घासल्या, पालथ्या घातल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच बघत नव्हतं. तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच भीती वाटली.

पुढचे चार दिवस जीव टांगणीला लागला. पोरीच्या प्लेटलेट्स ऐंशी हजारांवरून चाळीसवर आल्या. जिन्यात पावलं वाजली की सुलभाताई दाराआड जाऊन कान देऊन उभ्या राहायच्या. एकदा अमृता कपडे न्यायला घरी आली आणि पायरीवरच मटकन बसली.

"काकू, घरातलं एक भांडं सोडलं नाही मी. फ्रिजमागचा ट्रेसुद्धा बघितला. कुठून आला असेल हो डास?"

सुलभाताईंनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आपल्याच हाताची त्यांना किळस आली.

दुसऱ्या दिवशी डासांच्या तपासणीची माणसं आली. बाग पाहून खूश झाली. थाळ्या कोरड्या ठणठणीत! घरामागच्या खोलीत राहणाऱ्या धनलक्ष्मीचा पाण्याचा ड्रम मात्र उघडा सापडला. गल्लीदेखत तिला वाट्टेल ते बोलली. ती मान खाली घालून कानडीत "सरी सार, सरी", बरं साहेब, बरं, म्हणत राहिली. माणसं गेल्यावर तिनं सुलभाताईंचं मनगट धरलं.

"अक्का, पाणी कालच भरलेलं. पण स्वल्प, थोडंसं, उघडं राहिलं. माझ्यामुळेच झालं असेल का हो पोरीला?"

"नाही गं," सुलभाताई म्हणाल्या. आणि मनगट सोडवून घेऊन घराकडे वळल्या.

घरात दामोदरपंत दबक्या आवाजात म्हणाले, "डास काय पत्ता लिहून येतो? कुणालाच कळणार नाही. बोललीस तर बाग उखडतील, वरचे आपलं तोंड बघणार नाहीत. गप्प राहा." रोज आजोबा आजोबा करणारी पोर होती ती. घाबरले तेही होतेच.

पाचव्या दिवशी प्लेटलेट्सचा आकडा वर चढला. सुलभाताई मऊ भाताचा डबा घेऊन दवाखान्यात गेल्या. मैत्रेयी उशीत बुडून गेलेली, हाताला सलाईनची सुई. अमृता दारापाशी बाटलीत पाणी भरत होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

पोरीनं बोटानं खूण करून सुलभाताईंना जवळ बोलावलं. कानाशी कुजबुजली, "आजी, थाळीतली पिल्लं उडाली का?"

"कसली पिल्लं गं?"

"मधमाश्यांची! पाण्यात वळवळत होती ना. आजोबांना चष्म्याशिवाय दिसलीच नाहीत. मी रोज अगदी जवळ बसून राखण करायचे. कुणाला सांगितलं नाही हं. मोठी माणसं ओतून देतात."

पोर वाट बघत होती.

"उडाली, बाळा," त्या कशाबशा म्हणाल्या.

मैत्रेयीनं समाधानानं डोळे मिटले. सुलभाताईंनी डबा टेबलावर ठेवला. मग त्या दारापाशी गेल्या.

"अमृता, जरा बाहेर ये. मला काही सांगायचंय. आधी सगळं ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल."

"काय हो काकू, एवढं काय झालं?" म्हणत अमृता बाटलीचं झाकण लावत, हसतच त्यांच्यामागून बाहेर आली.