लोहाऱ्याच्या फाटकावरची खूण

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मी यवतमाळला जायचं ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "भर एप्रिलात?" त्याचं चुकलं नाही. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा.

नागपूरहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आणि मला खिडकीही मिळाली. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन ऑटोनं लोहाऱ्याला गेले. बाबांची सूतगिरणी तिथे होती. आता फाटकाला कुलूप आहे, आत बाभळी माजल्यात. पाहण्यासारखं काही नाही, तरी मी बराच वेळ उभी राहिले.

मी सात वर्षांची असताना इथे संप झाला. तिसऱ्या महिन्यात मला टायफॉइड झाला आणि बाबा संप मोडून कामावर गेले. फाटकाबाहेर संपकऱ्यांत त्यांचे जिवलग मित्र गफूरचाचा उभे होते. त्यानंतर दोघं कधी भेटले नाहीत.

शेवटी अर्धांगानं बाबांची वाचा गेली, तेव्हा ते सारखी एक खूण करायचे: दोन बोटं छातीवर, मग तळहात समोर पसरायचा. आम्ही पाणी दिलं, उशी दिली. ते चिडून रडायचे. ती खूण कशाची, एवढंच मला चाचांना विचारायचं होतं.

यवतमाळहून नेरला बसनं तासभर. चाचांचं गादीचं दुकान बाजारात कोणीही दाखवतं. बाबा गेल्याचं सांगून मी खूण करून दाखवली. चाचांची सुई थांबली.

"मशीनच्या आवाजात काही आयकू येत नव्हतं, बेटा. पाणी प्यायले जाचं असलं का अशी खूण कराची. माह्यं मशीन पाहजो, येतोच मी. समोरच्यानं तशीच केली का कबूल."

"मग?"

"तुह्या बापानं, सुधाकरनं, त्या दिवशी फाटकातून जाताना मान खाली घातलती. पोरगी बिमार आहे, मले मालूम होतं. मीच खूण केली. त्यानं बी केली." त्यांनी सुई गादीत खोचली. "मंग संप मिटल्यावर मले कामावर घेतलंच नाही. लय राग आला त्याचा. परत येऊन त्याले सोडवाची खूण करा लागते, ते कराले मी गेलोच नाही. तो वाट पाहूनच राह्यला असन."

माझ्या एका तापानं दोन माणसं तुटली, हे तिथे बसल्या बसल्या फार लागलं. चहा तसाच निवला. निघताना चाचांनी ती दुसरी खूण शिकवली: पसरलेला तळहात मिटून छातीशी न्यायचा. माझा अंगठा बाहेर राहत होता, म्हणून तीनदा करून घेतली.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय आणलंस? मी पाय न धुताच बाबांच्या फोटोसमोर गेले. अंगठा आत घेतला, चाचांच्या वतीनं मूठ छातीशी नेली.

आलो मी, सुधाकर. जाय तू आता.