तिसऱ्या गटाचे उंदीर

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी उंदरांना पळवत होते. हळू पळालं तर हृदयाच्या स्नायूतल्या एका एन्झाइमचं काम किती वाढतं, आणि जोरात पळालं तर किती, एवढंच बघायचं होतं. पांढऱ्या उंदरांचे तीन गट केले. एक नुसता बसून, दुसरा हळू पळणारा, तिसरा दमून जाईपर्यंत. फिरत्या पट्ट्यावर जो मागं पडेल त्याला जाळीचा बारीक शॉक बसायचा.

सकाळी मी मुकुंदवाडीहून येऊन दुसऱ्या गटाला पळवायचे. दुपारी मला कॉलेजात शिकवायचे तास असायचे, म्हणून तिसरा गट प्रयोगशाळेतल्या मामांकडे. मामा बजाजनगरहून यायचे. कंपनी बंद पडल्यावर इथं शिपाई म्हणून लागलेले. पिंजऱ्यातला भुसा बदलताना उंदरांशी बोलत बसायचे.

आठ आठवड्यांनी हृदयं काढली, बर्फावर ठेवून वाटली, नमुने यंत्रात घातले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे आकडे जवळपास सारखेच. रसायनं बदलून पुन्हा मोजलं. तेच.

मामा दाराशी उभे होते. "मॅडम, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा."

"मी पट्टा हळूच ठेवायचो. तुम्ही सांगितल्या स्पीडवर नाय. जाळीवर पडले की लई चिरकायचे. बघवंना मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

मी स्टुलावर बसले. "जमत नव्हतं तर मला सांगायचं ना, मामा."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस लावला असता."

ते खरंच होतं.

माझ्या पीएच.डी.च्या गाईड सरांना मी सांगितलं, पट्ट्याचा वेग चुकीचा लावला गेला, चूक माझी. मामांचं नाव घेतलं नाही. "स्वतः बघायला नको होतं?" सर म्हणाले. मी हो म्हणाले.

पुन्हा परवानगी, पुन्हा उंदीर. तास सकाळवर घेऊन दुपारी आधी दुसरा गट आणि मग तिसरा, दोन्ही मीच पळवले. तिसऱ्या गटाच्या वेळी मामा खोलीत यायचे नाहीत. एक उंदीर तर जाळीवरून उठायचाच नाही. एकदा माझा हात वेगाच्या बटणाकडं गेला, आणि मी तो मागं घेतला. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

हळू पळणाऱ्यांचं एन्झाइम वाढलेलं निघालं. तिसऱ्या गटाचं जवळजवळ बसून राहिलेल्यांइतकंच. सर खूश झाले. मी मामांना सांगितलं, "जोरात पळवून हृदयाला फायदा झाला नाही."

मामा टेबल पुसत होते. "हे त्यांना मारूनच कळायचं होतं व्हय?"

"हो," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी ग्रंथालयात बदली मागून घेतली. मला पदवी मिळाली. आता मी फक्त शिकवते, प्राण्यांवर काम करत नाही. कुणी कारण विचारलं तर थकले होते म्हणून सांगते.