आबांचा उजवा गाल

धनाजीराव घाटगे शाळेत कवायत शिकवत आणि घरातही त्यांचे बरेचसे कवायतीसारखेच चाले. जोडा घालताना आधी उजवा पाय, मग डावा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याने चहा आधी आणि पाणी नंतर घेतले, तरी त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटे. बोलून मात्र कधी दाखवत नसत. माणूस आतून मऊ होता.

ही शिस्त वडिलांकडून आलेली. जयसिंगराव बडोद्याच्या रिसाल्यात दफेदार होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. पेन्शनीत आल्यावरही त्यांचे बसणे घोड्यावर बसल्यासारखेच ताठ होते. एक दिवसाआड सकाळी छगन वाळंद यायचा आणि ओसरीवर पाट मांडायचा. शनिवार, एकादशी आणि अमावास्या सोडली तर यात खंड नसे. आबा पाटावर बसत, मान किंचित वर करत आणि डोळे मिटत. छगन वस्तरा चालवताना बाजारातल्या सगळ्या बातम्या सांगे. आबा हुंकाराशिवाय काही बोलत नसत, पण ती वेळ त्यांच्या आवडीची होती.

त्या वर्षी माघात आबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला उतरले. जीभ जड झाली, पण प्रयत्न केला तर एकेक शब्द येई. थोडे बरे वाटू लागल्यावर छगनला बोलावले. डावा गाल नीट झाला. उजव्या गालावर वस्तरा असताना आबांची मान आपोआप झटकली गेली आणि पाते जबड्याजवळ लागले. आबांना काहीच कळले नाही. पंचावर तांबडे थेंब पडलेले दिसले तेव्हा त्यांनी आधी छगनच्या हाताकडे पाहिले, मग धनाजीरावांकडे. कोणाला लागले, असे विचारल्यासारखे. ते रक्त आपलेच आहे हे त्यांना सगळ्यांच्या शेवटी समजले.

त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने छगनचे मनगट धरले ते सोडेनात. छगन बिचारा रडकुंडीला आला. तो पुढेही येत राहिला, ओसरीवर बसे, आतून नकार आला की पेटी उचलून जाई.

दाढी वाढली. पांढरी, विरळ आणि उजव्या बाजूला चिकटून बसलेली. रिसाल्यातले जुने सोबती भेटायला आले की आबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग घेत. ज्या माणसाने लढाईतल्या जखमा मुलांना कौतुकाने दाखवल्या, तो वस्तऱ्याला भ्याला, असे शेजारी म्हणू लागले. धनाजीरावांना ते लागे. त्यांना वाटे, हे भिणे वेगळे आहे. दुखले तर माणूस सावध होतो. जिथे दुखतच नाही, तिथे सावध कसे राहायचे?

अशात लीलाचे लग्न ठरले. लीला ही धनाजीरावांची थोरली. मुलगा इंदूरचा, तिथल्या संस्थानात ओव्हरसियर होता. साखरपुड्याला मंडळी अक्षय्यतृतीयेला बडोद्याला येणार होती. आबांना सांगितले तेव्हा त्यांचा डावा डोळा भरून आला. मग त्यांनी हात गालावर नेला आणि एकेक शब्द जोडून सांगितले की मी आतच राहीन. वाढलेली दाढी म्हणजे घरात सुतक असल्यासारखे दिसते, शुभकार्यात असे तोंड पुढे करायचे नाही. हे चुकीचेही नव्हते. पण घरातला वडीलधारा जिवंत असून बैठकीत नाही, तर पाहुणे काय समजतील? आणि पाहुण्यांचे सोडा, लीला एवढीशी होती तेव्हा आबांच्या पुढ्यात खोगिरावर बसून अकोट्याकडे नदीपर्यंत फिरून येई. तिने आईला सांगून टाकले की आबा बाहेर बसले नाहीत तर मीही पाटावर बसणार नाही.

शाळेतले चित्रकलेचे मास्तर हेरंब करंदीकर यांना धनाजीरावांनी हे सांगितले. हेरंबराव थट्टेखोर, पण मदतीला पुढे. ते म्हणाले की हल्ली सेफ्टी रेझर मिळतात, त्याला दांडा असतो, पाते जाळीआड असते, खोल लागतच नाही. त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून आणलेला एक त्यांच्याकडे पडून होता. वापरत का नाही, असे विचारल्यावर म्हणाले की स्वतःची हजामत स्वतः केली की आई वाळंदाला शिवल्यासारखी आंघोळ करायला लावते, आणि पाणी गरम करून देत नाही.

हेरंबरावांचा रेझर जडशीळ होता. पाते एकच, जाडसर, एका बाजूला धार असलेले. धनाजीरावांचा स्वभाव असा की एकच वस्तू पाहून निर्णय घ्यायचा नाही. त्यांनी रावपुऱ्यातून दुसरा विकत आणला. तो हलका, चकचकीत, कागदासारख्या पातळ पात्याचा, दोन्हीकडे धार. दुकानदाराने शपथेवर सांगितले की यात इतका भरवसा आहे की आंधळ्यानेही डोळे मिटून दाढी करावी.

आबांच्या गालाला लावण्याआधी आपल्या गालावर पाहायचे, हे त्यांनी ठरवले. तोवर त्यांचीही दाढी छगनच करत असे, त्यामुळे पहिले काही दिवस हाल झाले. दांडा किती उचलायचा, किती पाडायचा, हे हाताला कळेना. कापसाचे बोळे लावलेल्या तोंडाने ते मैदानावर ‘सावधान’ म्हणत, आणि अख्खा वर्ग सावधान उभा राहण्यासाठी ओठ चावत असे.

हात बसल्यावर त्यांनी तुलना सुरू केली. डावा गाल पातळ पात्याने, उजवा जाड पात्याने. मग गाल बदलून. साबण तोच, पाणी तेवढेच गरम, आणि नंतर ओल्या गालावर तुरटी फिरवून ती कुठे जास्त झोंबते ते पाहायचे. पातळ पात्याची दाढी इतकी तुळतुळीत होई की उलटा हात फिरवला तरी खरखर लागत नसे. पण जबड्याखाली बारीक पुरळ उठे आणि तुरटीने डोळ्यांत पाणी येई. जाड पाते अंगावर येत नसे. तुरटी नुसती गार लागे. मात्र संध्याकाळपर्यंत खुंट वर येत.

एकदा त्यांनी बायकोला, इंदिराबाईंना, दोन्ही गाल तपासून सांगायला सांगितले. स्वयंपाकघरात भर सकाळी असले काम सांगितल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग कणकेने भरलेली बोटे टाळून पालथा हात लावला.

“हा गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या, “आणि हा तुमचा आहे.”

“अगं, पण चांगला कोणता?”

“ते मला काय ठाऊक. मला कोण बघायला येणार आहे?”

धनाजीरावांनी मनाशी ठरवले की पाहुणे दिसण्यावर जाणार, तेव्हा पातळ पातेच बरे. थोडी आग झाली तरी आबांना ती उजवीकडे कळणार नाहीच. हा विचार मनात आला आणि त्यांचे त्यांनाच कसेसे झाले. कळत नाही म्हणून चालेल, असे कसे म्हणायचे?

दुसऱ्या सकाळी ते आरशासमोर बसले. दुकानदाराचे बोलणे आठवले. त्यांना वाटले, आपल्याला दिसते म्हणून आपला हात जपतो. आबांना तो गाल ना दिसतो ना कळतो. तेव्हा नुसत्या यंत्रावर भरवसा टाकून पाहू. त्यांनी फेस लावला, आरशाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि पातळ पाते गालावरून फिरवले. लागले नाही. गालावरून वर, गालावरून खाली, काहीच लागले नाही. त्यांचा धीर वाढला. मग दांडा जरा तिरपा गेला, आणि डोळे उघडून बघतात तो मिशीचा एक झुपका फेसात पडलेला.

उरलेले सारखे करावे म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूचे थोडे काढले. ते जास्त गेले. मग पहिल्या बाजूचे. कवायतीचा माणूस, दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय थांबवेना. शेवटी नाकाखाली दोन माशा बसल्यासारखे काहीतरी उरले आणि तेही काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

इंदिराबाई पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. ती उतरते एकदाच, बापाला पोचवून आल्यावर. आणि ओठ असा उघडा पाडून हे घरात बसले होते, तेही आजारी माणूस आत अंथरुणावर असताना.

“मामंजींच्या समोर जाऊ नका,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या पाया पडते.”

पण सकाळचे औषध धनाजीरावांनीच द्यायचे, हा नेम होता. दुसऱ्या कोणाकडून आबा घेत नसत. त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडापर्यंत ओढला आणि आत गेले. चमचा भरायला दोन्ही हात लागले, तेव्हा पंचा घसरला.

आबांनी पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांचा डावा हात उठून स्वतःच्या मिशीवर गेला आणि तिथेच राहिला.

“कोण,” त्यांनी विचारले, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला, “गेलं?”

धनाजीरावांनी चमचा बाजूला ठेवला. ते खाली बसले आणि त्यांनी सगळे सांगितले. हेरंबरावांचा रेझर, रावपुऱ्याचा रेझर, डावा गाल, उजवा गाल, तुरटी, आणि आज डोळे मिटून केलेला उद्योग. सांगताना आपण केवढे खुळे दिसत असू, याची त्यांना जाणीव होती. पण मध्येच थांबणेही जमेना.

आबांचे अर्धे तोंड हलू लागले. आधी वाटले त्रास होतोय. मग कळले की हसताहेत. माघापासून त्या घरात ते हसणे कोणी ऐकले नव्हते. उजवी बाजू तशीच निश्चल होती आणि डावी बाजू डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत होती.

“आण,” ते म्हणाले. “दोन्ही.”

छगन ओसरीवर नेहमीसारखा बसलेला होता. त्यालाही आत बोलावले. त्याने दोन्ही यंत्रे हातात घेऊन पिंजऱ्यातला वाघ पाहावा तशी पाहिली, मान हलवली आणि म्हणाला की हे तुमचे तुम्ही चालवा, फेस मात्र मी करणार. त्याने फेस केला आणि आबांची मान मागून आपल्या दोन्ही तळव्यांत धरली.

डाव्या गालावर धनाजीरावांनी आधी पातळ पाते फिरवले. आबांनी ते होऊ दिले. मग त्यांनी डावा हात उजव्या गालावर ठेवला आणि तो हलवेनात.

“इथं मला... कळणार नाही.”

“मला कळेल, आबा.”

“तुझ्या गालाला... बरं कुठलं लागलं?”

“जाड पात्याचं. पण खुंट राहतात. तुळतुळीत होत नाही.”

“आग?”

“नाही होत. पातळ पात्याने होते. या गालावर झाली तरी तुम्हाला समजणार नाही, पण होईल.”

 बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मग आबांनी हात काढून घेतला आणि डोळे मिटले. धनाजीरावांनी हेरंबरावांचा जड रेझर उचलला. पात्याच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्या स्वतःच्या गालावर, त्याच जागी, काहीतरी सरकल्यासारखे होत होते. एकदा आबांची मान झटकली गेली. छगनचे तळवे घट्ट झाले, पाते जाळीआडून नुसते घसरले, आणि पंचावर काही पडले नाही. 

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी पुन्हा तसेच केले, डावा गाल पातळ पात्याने, उजवा जाड पात्याने. बडोद्याचे महाराज त्या उन्हाळ्यातही विलायतेला होते आणि गावात उकाडा मुक्कामाला होता. बैठकीत आबांना लोडाला टेकवून, जरीचा फेटा बांधून बसवले. उजव्या गालावर बारीक पांढरे खुंट होते, उन्हात चमकत होते. लीला पाटावर येऊन बसली ती आधी त्यांच्याकडे बघत.

मुलाचे चुलते श्रीपतराव दारात आले. धनाजीरावांचा उघडा ओठ पाहून त्यांनी जोडे काढता काढता आवाज खाली आणला आणि कधी झाले, आम्हाला कळवले कसे नाही, असे विचारू लागले. धनाजीरावांनी नुसता बैठकीकडे हात केला.

श्रीपतराव वळले. आबा त्यांच्याकडेच बघत होते, आणि डावी मिशी हसत होती. पाहुण्याला ओशाळल्यासारखे झाले. मग ते पुढे झाले, वाकले, आणि आपल्याकडे सोयरे भेटतात तसे उराउरी भेटायला गेले. धनाजीराव झटकन एक पाऊल पुढे झाले, कारण श्रीपतराव आले होते उजव्या बाजूने.

श्रीपतराव आपल्या गालाला लागले की नाही हे आबांना कळणार नव्हते. पण अंग चोरून न घेता त्यांनी मान वळवली आणि तोच गाल पुढे केला.