थर क्रमांक शून्य

धुळ्याच्या नासीरभाईंच्या घरी तूरडाळीच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असते: काय, किती, कुठून, कोणत्या तारखेला. एकदा मदिनाभाभींनी जिऱ्याच्या डब्यात ओवा भरला, तर या गृहस्थांनी दोन दिवस तोंड फुगवून काढले. माणूस सोन्यासारखा, पण नोंदीचं वेड असं की वरणबट्टीच्या पंगतीतही विचारतील, "आधी बट्टी वाढली की वरण?"

याला कारण त्यांचा धंदा. पूर्वी ते फरशा बसवायचे. आता सौरऊर्जेचे खांब उभे राहण्याआधी जमिनीत काही जुनंपुराणं आहे का, ते खोदून बघतात आणि कंपनीला अहवाल देतात. ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: 'जे आहे ते लिहा. नाही ते लिहू नका.' खड्ड्याची कड ओळंब्यात, प्रत्येक थराला नंबर, प्रत्येक खापरीला वेगळी पिशवी.

यंदा साक्रीजवळच्या माळावर त्यांना घबाड लागलं. चौथ्या थराला एका घराची जमीन निघाली, तीन हजार वर्षांपूर्वीची असावी. नेमकं तेव्हाच पुण्याहून परीक्षक चारुलता मॅडम कामाची शिस्त तपासायला येणार होत्या. त्यांचा दाखला नाही तर पुढचं काम नाही, आणि खोदणाऱ्या बारा बायांना रोजगारही नाही. नासीरभाईंनी आदल्या दिवशी बायांना बजावलं, "उद्या मोठे पाहुणे येताहेत. जागा लख्ख दिसली पाहिजे." आणि ते मॅडमना आणायला धुळ्याला गेले. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोचले. रस्त्यावरच्या धुळीनं मॅडमचं नाक पार चोंदलेलं. त्या खड्ड्यात उतरल्या आणि मटकन खालीच बसल्या.

"नासीरभाई, सारवलेली जमीन! बोटांचे फराटेसुद्धा जसेच्या तसे! आणि हे बघा, प्रत्येक फराट्यात अंगठा सोडून तीनच बोटं. या बाईला करंगळी नव्हती. तीन हजार वर्षांपूर्वी!"

नासीरभाईंनी वर बघितलं. कडबाकुट्टीच्या यंत्रात करंगळी गमावलेली एक बाई त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. ती वर काठावर, हात मागे बांधून, शाबासकीची वाट बघत उभी होती: बायांची मुकादम, सुगंधाबाई.

मॅडमनी तर फोन काढला. "पुण्याला कळवते. दाखल्याचं सोडा, तुमचं नाव देशभर होईल!"

फक्त गप्प बसायचं होतं. बारा घरांच्या चुली पेटत्या राहिल्या असत्या. मरो तो भिंतीवरचा नियम, असंही नासीरभाईंच्या मनात आलं. पण डाळीच्या डब्याला चिठ्ठी लावणारा माणूस तो, त्याला राहवेना.

"मॅडम, फोन ठेवा," ते म्हणाले. "अक्का, हात दाखवा."

सुगंधाबाईंनी करंगळी नसलेला हात कौतुकानं पुढे केला. "पाव्हनी येनार व्हती ना भाऊ, मंग उघडीबोडकी जमीन कशी दखाडू? कालदिन शेनना दोन हात मारात. खड्डा बी बठ्ठा बुजी टाकात!"

बुजवलेले ते खड्डे म्हणजे त्या जुन्या घराच्या खांबांचे खळगे. नासीरभाई मॅडमना मुळात तेच दाखवणार होते.

मॅडमचा चेहरा भरताला भाजलेल्या वांग्यासारखा झाला. मग त्यांना तीन शिंका आल्या, नाक मोकळं झालं, शेणाचा वास आला, आणि त्या हसतच सुटल्या. "आता या थराचं काय करायचं?"

"आहे, तर लिहायचं," असं म्हणत नासीरभाईंनी वही उघडली. एक ते चार नंबर आधीच गेलेले, म्हणून त्यांनी लिहिलं: 'थर क्रमांक शून्य. शेण व माती. काळ: काल संध्याकाळ. कोणी केला: सुगंधाबाई. कारण: पाहुणे.' मॅडमनी खाली सही केली.

बायांनी दोन दिवस कुंचल्यांनी ते सारवण काढलं, खळगे मोकळे केले. खालची जुनी जमीनही सारवलेलीच निघाली. दाखला आला, त्यावर शेरा: 'नोंदी चोख. परीक्षकाने चोंदल्या नाकाने येऊ नये.'

सुगंधाबाईंनी आपली नोंद दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "आनि खालनी बाईनं नाव काय लिखं?"

"तिचं नाव कुणालाच माहीत नाही, अक्का."

"ती बी पाव्हना येनार म्हनीसनच सारत व्हयी."

नासीरभाईंनी वही पुन्हा उघडली. मग त्यांनी थर क्रमांक चारपुढे, आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडून, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: 'कारण: बहुधा पाहुणे.'