हिरव्या गाठीची शाल

रामहरीला विनोद कळत नाही, असं भिगवणात सगळेच म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. चहाच्या गाड्यावर कुणी किस्सा सांगितला आणि मंडळी पोट धरून हसायला लागली, की रामहरी शांतपणे विचारायचा, "मग त्या माणसाचं पुढं काय झालं?" पुढं काय झालं ते कुणालाच ठाऊक नसायचं.

त्याचं सगळं आयुष्य घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात गेलं होतं. दारामागचा मीटर बघता बघता त्याला बाकीचंही दिसायचं. दोनच माणसांच्या घरात एवढी ताटं कशाला, बंद घराचा मीटर फिरतो कसा, असं काहीबाही त्याच्या डोक्यात बसायचं आणि विचारल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. विचारण्यात खवचटपणा नसायचा, त्यामुळं लोकही सांगून टाकायचे.

म्हणूनच विनया आणि संभाजीनं विनोदी मासिक काढायचं ठरवलं तेव्हा रामहरीला त्यात ओढलं, याचं गावाला नवल वाटलं. तिघं शाळेपासूनचे मित्र. विनया बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवायची. संभाजीचं स्टँडजवळ फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस आणि निवडी छापून तो कंटाळला होता.

"नाव काय ठेवायचं?" विनयानं विचारलं.

"चिलापी," संभाजी म्हणाला. "ह्या माशाला कुणी बोलावलं न्हवतं, तरी धरणभर झाली. काटं हायेत, पण लोक बोटं चाटून खात्यात."

नाव तिथंच पक्कं झालं. रामहरीनं मात्र विचारलं, "पण मी काय लिहू? मला हसवता येत न्हाय."

"तू हसवू नकोस," विनया म्हणाली. "तुला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं शोध आणि जशीच्या तशी लिहून दे."

पहिल्या अंकाच्या प्रकाशनाला पाहुणे म्हणून मोहनराव आले. साखर कारखान्याचे ते जुने संचालक, आणि तालुक्यात कुठलाही कार्यक्रम त्यांच्याशिवाय व्हायचा नाही. सत्काराची शाल आणायचं काम रामहरीकडं होतं. बारामतीहून एसटीनं परत येताना मांडीवरच्या पिशवीतली ती मोरपंखी शाल बघून त्याला प्रश्न पडला. एवढ्या शाली रोज माणसांच्या खांद्यावर पडतात, पण बाजारात, शेतात, दवाखान्यात कुणाच्या अंगावर दिसत नाहीत. त्या जातात कुठं?

घरी आल्यावर त्यानं बायकोच्या डब्यातून हिरवा दोरा घेतला आणि शालीच्या एका कोपऱ्यातल्या दशीला बारीक गाठ मारली. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात ती शाल मोहनरावांच्या खांद्यावर गेली आणि भाषण संपायच्या आत घडी होऊन गाडीत जाऊन बसली.

पुढं लग्नसराई सुरू झाली. इंदापूरच्या एका लग्नात मंडपात मानपान चालू होतं. निवृत्त मुख्याध्यापक रघुनाथसरांच्या खांद्यावर मोरपंखी शाल पडली. रामहरी पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला, नमस्कार करायला वाकला आणि कोपरा उलटून बघितला. हिरवी गाठ जागच्या जागी होती. वरबापाला त्यानं विचारलं तेव्हा कळलं, ही शाल त्याला मोहनरावांनीच साखरपुड्यात दिली होती.

रामहरीनं सरांना सरळच विचारलं, "सर, ही शाल तुमी आता कुणाला द्याल?"

सर आधी चमकले. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बारामतीला माझ्या डॉक्टरांचा सत्कार आहे. पण तू का विचारतोस?"

"ती कुठवर जाती ते बघायचंय."

सरांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी कार्यक्रमाचा पत्ता देऊन टाकला.

अशी रामहरीची शालीमागची वणवण सुरू झाली. डॉक्टरांकडून ती त्यांच्या साडूकडं गेली. साडूनं ती गृहप्रवेशाला आलेल्या वकिलांना दिली. वकिलांच्या घरी शाल एका खुर्चीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तयारच ठेवलेली होती. "असू दे म्हटलं हाताशी," वकिलीणबाई म्हणाल्या, "ऐनवेळी कुणाचा तरी सत्कार निघतोच." रामहरीनं कुठंही लपवाछपवी केली नाही. चिलापीसाठी विचारतोय म्हणून सांगायचा, आणि मिळालेला चहा पिऊन पुढच्या घरी जायचा. त्याच्या लक्षात आलं, की आजवर एकानंही ती शाल उलगडून अंगावर घेतलेली नव्हती. पहिल्या घडीची रेघ तशीच कडक होती.

वकीलसाहेब महिला दिनाच्या एका कार्यक्रमाला भिगवणला आले. तिथं कष्टकरी महिला म्हणून पळसदेवच्या मुक्ताबाईंना त्यांनी ती शाल दिली. मुक्ताबाई भिगवणच्या मासळी बाजारात मासे विकायच्या. रामहरीला हे कळलं आणि तो चार-आठ दिवस मुद्दाम थांबला. शाल पुढं कुणाकडं जाते ते बघायचं होतं. ओळखीच्यांकडं दोनदा चौकशी केली, पण मुक्ताबाईंकडून काही ती हलल्याची बातमी येईना. शेवटी एका सकाळी तो बर्फाच्या खोक्यांमधून वाट काढत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मावशी, ती सत्काराची शाल कुणाला दिली?"

मुक्ताबाईंनी माशाचं पोट साफ करता करता मान वर केली. "कापली."

"कापली?"

"व्हय. मधोमध." त्यांनी विळीचं पातं पाण्यात बुडवून शेजारी बोट दाखवलं. शेजारी त्यांची जाऊ, सारजाबाई, गिऱ्हाईकाला मरळ तोलून देत होत्या. त्यांच्या डोक्याला अर्धी मोरपंखी शाल गुंडाळलेली होती. उरलेली अर्धी मुक्ताबाईंच्या पाठीवर होती, पदराखाली. तिच्यावर खवलं चिकटलेली होती. "आमी दोघी लग्न होऊन आल्यापासनं शेजारी बसतो. कोंबडा आरवायच्या आत दोघी उठतो. मग सत्कार माझ्या एकटीचा कसा व्हईल? गारठा काय मला एकटीलाच वाजतो?"

"पण मग आता ती कुणाला देता येणार न्हाय."

"द्यायची कशाला? आमालाच लागती की."

गाठ कुठल्या अर्ध्यात गेली, हा प्रश्न रामहरीच्या ओठावर आला होता, पण त्याला तो विचारावासा वाटेना.

संभाजीच्या दुकानात त्यानं सगळं सांगितलं तेव्हा विनया टेबलावर डोकं टेकून हसली. संभाजी मात्र गंभीर झाला. "मोहनरावांचं नाव घालू नगस. वरसभर त्यांचंच फ्लेक्स छापतो मी."

"नावं काढली तर त्यात राहिलं काय?" विनया म्हणाली.

दोघांची वादावादी चालू असताना रामहरी उठला. "मी विचारून येतो," म्हणाला. आणि खरंच तो एकेकाच्या घरी परत गेला. सरांनी हो म्हटलं. डॉक्टर हसले. साडू जरा फुरंगटले, पण त्यांच्या बायकोनं परवानगी दिली.

मोहनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत शालीच शाली होत्या. "हिनं मला विचारलंय," ते म्हणाले, "कपाट घराबाहेर काढू, की तुमाला? रामहरी, मी तरी काय करू? न्हाय म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान, घेतलं तर घरात जागा न्हाय. म्हणून वाटत सुटतो."

"मग नाव घालू का?"

"घाल. पहिलं माझंच घाल. आणि कपाटाचंही लिही, म्हणजे आता तरी देणारे थांबतील."

पुढचा अंक निघाला. रामहरीनं एकही विनोद न करता, शाल कुठून कुठं गेली ते सरळ लिहून काढलं होतं. भिगवण स्टँडवर लोक उभ्यानं वाचत होते आणि शेजारच्याला वाचून दाखवत होते. छापलेल्या प्रती पुरल्या नाहीत म्हणून संभाजीला पुन्हा छापाव्या लागल्या. लोक एवढं का हसतायत, हे रामहरीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मग तालुक्यात एक नवीच खोड सुरू झाली. कुणाच्याही खांद्यावर शाल पडली की तो माणूस टाळ्या थांबायच्या आत कोपरा उलटून बघायचा. बारामतीच्या एका कार्यक्रमात तर व्यासपीठावरचे सगळेच पाहुणे एकदम कोपरे चाचपताना दिसले, आणि सभागृहात हशा पिकला.

दिवाळीनंतर पाण्यावरचा गारठा वाढला तशी एका सकाळी मोहनरावांची जीप मासळी बाजारासमोर थांबली. मागची सीट शालींनी भरलेली होती. रामहरीला त्यांनी निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. बाजारातल्या बायका गोळा झाल्या. मुक्ताबाईंनी हात धुतले, कुणाकडून तरी कात्री मागवली आणि पहिली शाल उचलून तिचे दोन तुकडे केले.

"अहो मुक्ताबाई, कापताय कशाला?" मोहनराव म्हणाले. "एकेकीला आख्खी पुरंल एवढ्या आणल्यात मी."

"आख्खी दिली की फिरून तुमच्याच दारात येती, आबा," मुक्ताबाई म्हणाल्या आणि दुसरी शाल ओढली.

बायका हसल्या. मोहनरावही हसले आणि जीपच्या बॉनेटवर टेकून उभे राहिले. सारजाबाईंनी एक अर्धी तांबडी शाल झटकली आणि रामहरीच्या हातात दुसरी कात्री दिली. "बघत काय उभं ऱ्हायलाय? धरा त्या टोकाला."

रामहरीनं टोक धरलं. उन्हं वर येईपर्यंत तो तिथं शाली कापत होता, आणि प्रत्येकीला विचारत होता, तुम्ही कुठल्या, आणि शेजारी कोण बसतं.