साडूबुवांची ध्वनिपरिषद

आमच्या साडूबुवांइतकं बारीक ऐकणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि शेवटी शेवटी त्यांच्याइतका ठार बहिराही कोणी झाला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल करायची पाळी माझ्यावर यावी, याचा मला अजून राग येतो. कोणाचा ते विचारू नका. देवाचा म्हणावा तर सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे हात जोडतो, आणि डॉक्टरचा म्हणावा तर तो बिचारा साडूबुवांच्या आधीच गेला.

साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईला एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचा डावा कान गेला तेव्हा वर्गातली सगळी उनाड पोरं डाव्या बाजूच्या बाकांवर जाऊन बसू लागली, आणि शाळेने त्यांना लवकरच मानाने निरोप दिला. मूलबाळ नव्हतं. उभयता रेवदंड्याला आमच्या वाडीत राहायला आले. मी नारळ-सुपारीचा माणूस. माझ्या आयुष्यात तोवर आवाज म्हणजे झाडावरून नारळ पडल्याचा, एवढंच. तो डोक्यावर पडला नाही म्हणजे झालं, यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता. साडूबुवा आले आणि घरातल्या एकूण एका वस्तूला कंठ फुटला. ते दिसेल त्यावर टिचकी मारत. भिंतीवर, खांबावर, घागरीवर, पाटावर, आणि भल्या सकाळी उघडा बसलो असेन तर माझ्या पाठीवरही. "पोकळ वाजतेय. सर्दी होणार तुम्हाला," म्हणत. सर्दी झाली की खूष, नाही झाली की आणखी दोन दिवस टिचक्या मारत वाट पाहत. बाजारात मडकं घ्यायला गेले तर कुंभारणीची सगळी मडकी वाजवून होईपर्यंत उठायचं नाव नाही. अखेर ती बाई म्हणाली, "मास्तर, मडक्यात पानी भरायचं हाय का भजन करायचं हाय?" यांनी तिलाच बसवून पंचम कशाला म्हणतात ते समजावून सांगितलं.

किल्ल्यातल्या पडक्या देवळाच्या भिंतीसमोर उभं राहून टाळ्या वाजवणं हा त्यांचा संध्याकाळचा फेरफटका. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या चारी कोपऱ्यांत जाऊन उभे राहिले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "ईशान्येला काहीच पोचत नाही हो, तिकडची माणसं सावधान होणार कशी?" माझ्या बायकोचं आणि त्यांचं मात्र जमायचं, ते मोहरीवरून. ती आत स्वयंपाकघरात फोडणी करायची आणि हे बाहेर ओटीवरून ओरडायचे, "घाई करू नका, अजून निम्मीच तडतडलीय!" ती चिडायची, पण थांबायची. तेव्हाच्या आमटीसारखी आमटी मी पुढे खाल्ली नाही.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. त्यांचा जीव अडकला होता तो हिरू नाखव्याच्या वल्ह्यात. हिरू हा आमच्या कोळीवाड्यातला जुना नाखवा, स्वतःची होडी असलेला. घोळ मासा थव्याने असला की पाण्याखाली गुरगुरतो, आणि ते गुरगुरणं ऐकून कोळी जाळं टाकतात. ऐकायचं कसं, तर वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं आणि वरच्या टोकाला कान लावायचा. साडूबुवांनी एकदा हिरूच्या होडीतून जाऊन उजव्या कानाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून हा गृहस्थ जमिनीवर आलाच नाही. लाकडातून इतक्या खोलचा आवाज इतका साफ कसा येतो, कोणतं लाकूड चांगलं, सुकं की भिजलेलं, याचे प्रयोग सुरू झाले. माझ्या वाडीतले बांबू, दाराचा अडसर, बायकोचं मुसळ, सगळं समुद्रात बुडून आलं.

आता, ज्याचा एक कान गेलेला आहे त्याने "मी असं असं ऐकलं" म्हणून लिहिलं तर शहाणे लोक हसणारच. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या कानाचीही डॉक्टरने खात्री दिलेली नव्हती. म्हणून त्यांना माणसं हवी होती. "आवाज हा एकट्याने अभ्यासायचा विषयच नव्हे, साडू," ते मला सांगत. "एक वाजवणारा लागतो, एक ऐकणारा लागतो, आणि खरं-खोटं ठरवणारा तिसरा लागतो." विद्वानांनी आणि कोळ्यांनी एका होडीत बसावं, एकाच वल्ह्याला आळीपाळीने कान लावावा आणि काय ऐकलं ते एकमेकांना सांगावं, अशी ध्वनिपरिषद आपला उजवा कान शाबूत आहे तोवर भरवायची, एवढी एकच इच्छा त्या माणसाने धरली होती. त्याला गाडी नको होती, घोडा नको होता. मी पहिल्यांदा हसलो, मग त्यांच्याबरोबर पत्रांवर तिकिटं चिकटवू लागलो.

विद्वान तयार झाले, कोळी तयार झाले, पण समुद्र तयार होईना. आषाढ-श्रावणात कोळी घरी मोकळे, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. पण तेव्हाच मुंबईच्या आगबोटी बंद, आणि खाडीतल्या धरमतर बंदरावर उतरून पुढे चिखल तुडवत येईल असा विद्वान अजून जन्मायचा होता. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ पडला की आगबोटी सुरू, पण त्याच दिवशी कोळी दर्यावर. दोन वर्षं साडूबुवा पंचांग घेऊन बसले. एका मांडवात वऱ्हाड आणि नवरी दोन्ही एकदम येत नव्हती. मग एके सकाळी ते माझ्याकडे धावत आले. "शिमगा! शिमग्याला सगळ्या होड्या घरी येतात, आणि आगबोटीही चालू! सापडला मुहूर्त!"

मी म्हटलं, "अहो, पण शिमगा हा काय ऐकायचा सण आहे? ढोल, बोंबा..."

"छे हो," ते म्हणाले. "हल्ली शिमग्यात पूर्वीचा जोर कुठे राहिलाय? गेल्या वर्षी पाहिलंत ना, किती दमानं वाजवत होते. लोकांत दम नाही राहिला."

असं ते आदल्या वर्षीही म्हणाले होते. वय झालं की सगळ्यांनाच जुना शिमगा मोठा वाटतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती ओसरली होती, माणसं दमलीही असतील, असंही माझ्या मनाला पटलं. पत्रं गेली. पत्रात त्यांनी 'स्थळ अत्यंत शांत आहे' असं मुद्दाम अधोरेखित केलं होतं.

होळीच्या दिवशी आगबोटीतून दोन विद्वान उतरले. एक मुंबईचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, दुसरे पुण्याचे श्रुतींवर संशोधन करणारे गृहस्थ. दोघेही सज्जन. पण एकाच्या मते नाद म्हणजे कंप आणि दुसऱ्याच्या मते ब्रह्म, त्यामुळे आगबोट धक्क्याला लागेपर्यंतच त्यांचं बोलणं बंद झालं होतं. आमच्या ओटीवर गाद्या-तक्के घातले, पन्हं दिलं, आणि परिषदेला सुरुवात झाली. त्याच वेळी कोळीवाड्यातून ढोल निघाले. काय सांगू! घराची कौलं थरथरत होती. प्राध्यापकांनी एक पोलादी चिमटा आणला होता, ठोकला की सूर देणारा. तो त्यांनी ठोकला, कानाशी नेला, पुन्हा ठोकला आणि पेटीत ठेवून दिला. पुण्याचे गृहस्थ तंबोऱ्याची खुंटी पिळत राहिले. अंगणात पोरं तोंडावर हात मारून बोंबलत होती. आणि या सगळ्यात आमचे साडूबुवा, नवा अंगरखा, डोक्याला पगडी, मंद हसत उभे राहिले आणि शांतपणे, अगदी हळू आवाजात भाषण करू लागले. एक अक्षर कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, हात वर-खाली होत होते. प्राध्यापक मोठ्याने ओरडले, "जरा थांबू या का? ढोल जाऊ देत!" साडूबुवांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

तेव्हा मला कळलं. ओटीवरच्या सगळ्यांनाच कळलं. इतके दिवस ते आमचं बोलणं ओळखीच्या ओठांवरून ओळखत असणार. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. प्राध्यापक माझ्या कानाशी वाकले, "यांना हे ढोल ऐकू येत नाहीयेत का?" मी त्यांचा पेला पन्ह्याने भरला. "मग ते वल्ह्यातलं..." एवढं म्हणून त्या भल्या माणसाने पेला तोंडाला लावला.

दुपारी हिरू नाखवा आला, गुलालात न्हालेला. होडी काढ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याला आमंत्रण ओटीवर बसून बोलण्याचं वाटलं होतं. "मास्तर, शिमग्यान होडी पूजली का पान्यान घालीत न्हाईत. सन सरला का कवा पन बोलवा, माजी होडी तुमचीच हाय. सायबांना दोन-चार दिस ठेवून घ्या." साहेबांना कॉलेज होतं. दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीने ते गेले. जाताना प्राध्यापकांनी साडूबुवांचे दोन्ही हात हातात घेतले आणि पुन्हा येतो म्हणाले. त्यांच्या मनात खरंच असेल. पण आले नाहीत.

त्या संध्याकाळी साडूबुवा ओटीवर एकटेच बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ढोल जोरात होते?" मी मान हलवली. "गेल्या वर्षीही?" मी पुन्हा हलवली. त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मोहरीही तडतडत असणार." गेलं वर्षभर ते माझ्या बायकोला म्हणत होते की हल्लीच्या मोहरीत जीव नाही. मला रडू आवरेना. माणसाने आपलं एवढं मोठं नुकसान फोडणीवरून ओळखावं! मी वाडीत निघून गेलो आणि उगाच गड्यावर डाफरलो.

सण सरला आणि हिरू स्वतःहून दारात उभा राहिला. "चला मास्तर. तुमीबी चला." पहाट फुटता फुटता आम्ही तिघं खाडीच्या तोंडाबाहेर गेलो. हिरूने वल्हं पाण्यात धरलं, कान लावला, बोट वर केलं. "हाय." साडूबुवांनी पगडी काढून ठेवली आणि उजवा कान टेकला. मग कपाळ टेकलं. मग दात. शेवटी वल्ह्याला गाल लावून ते डोळे मिटून बसले, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांना काहीच ऐकू आलं नाही हे आम्हाला कळलं. त्यांनी मला खूण केली, तुम्ही ऐका.

मी आयुष्यात पहिल्यांदा वल्ह्याला कान लावला. देवा रे! खालून कोणीतरी लाकडी पेटीवर बोटं वाजवावीत तसं गुरगुर, टक् टक् टक्, थांबून पुन्हा टक् टक्. इतकं स्पष्ट, आणि इतक्या जवळ! "येतंय!" मी ओरडलो. ओरडून काय उपयोग? ते माझ्या तोंडाकडे लहान मुलासारखे बघत होते. मला सुचेना काय करावं. मग मी त्यांचा हात ओढला, तळवा माझ्या मांडीवर उताणा ठेवला, एक कान वल्ह्याला तसाच ठेवून जे ऐकू येईल ते बोटांनी त्यांच्या तळव्यावर वाजवत राहिलो. टक् टक् टक्. थांबा. टक् टक्. साडूबुवांचा सगळा चेहरा उजळला. "जवळ आहे का लांब?" त्यांनी विचारलं. जवळ असेल तेव्हा मी जोरात वाजवलं, लांब गेलं की हलक्याने. "मोठा थवा आहे!" ते म्हणाले. "व्हय, मास्तर, मोटा हाय!" हिरूने वल्हं हातात धरूनच मान डोलावली.

त्यानंतर दर शिमगा सरला की आमची परिषद भरायची. हिरू वल्हं धरायचा, मी ऐकायचो, आणि खरं-खोटं साडूबुवा ठरवायचे. माझी एकदा बोटं चुकली तर म्हणाले, "हे माशाचं नाही, तुमचं आहे." आणि ते खरं होतं, मी मनाचंच वाजवलं होतं.

पुढच्या एका पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या तळव्यावर वाजवायचो आणि ते ओळखायचे, "घोळ. जवळ." मग ओळखेनासे झाले. तरी मी वाजवत राहिलो, तो हात गार होईपर्यंत. बायको मला उठवायला आली तेव्हा मी तिच्यावरही चिडलो होतो.

त्या वर्षीच्या शिमग्यात मी ओटीवर आलोच नाही. सण सरल्यावर हिरू आला आणि दारात उभा राहिला. मी चपला घातल्या. खाडीबाहेर त्याने वल्हं पाण्यात धरलं आणि माझ्याकडे सरकवलं. मासा बोलत होता. माझी बोटं आपोआप शेजारच्या फळीवर वाजू लागली, जिथे साडूबुवा बसायचे तिथे. हिरू बघत होता. त्या माणसाचा जन्म त्या वल्ह्यापाशी गेला, माझ्यापेक्षा त्याला शंभर पटीने जास्त कळतं. तरी त्याने मला विचारलं, "जवळ हाय का लांब?"

"जवळ आहे," मी सांगितलं.