लीलाधरने भटूला वाचवलं

आमच्या लीलाधरला कुणी साधा म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधा कसला? हट्टी माणूस. धरणगावातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर तो सतरा वर्षं बसतोय. कापसाची गाडी काट्यावर चढली की जो आकडा येईल तो मोठ्याने वाचायचा, मग गाडी मालकाच्या मेव्हण्याची असो की आणखी कुणाची. एकदा त्याच्या सख्ख्या काकाची गाडी आली. ताडपत्रीखालचा कापूस वजन वाढावं म्हणून ओला केलेला होता. लीलाधरने चारचौघांत ताडपत्री उचलायला लावली. काका पुढच्या तीन दिवाळ्या त्याच्या घरी आला नाही. "ओला होता ना, मी काय करू?" एवढंच लीलाधर म्हणत राहिला.

हाच माणूस दर रविवारी दुपारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसून आम्हाला वाळवंटात मारायचा. हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर अर्ध्या गावासारखं तुम्हालाही वाटेल की आम्ही तिथे पत्ते कुटत होतो. लीलाधर आणि प्रेमराज जळगावला पॉलिटेक्निकच्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहायचे. तिथे पुण्याच्या एका पोराकडे या खेळाचं पुस्तक होतं. दोघांनी ते डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. खेळ असा, की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते आपण ठरवायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगणारा कायम लीलाधर. खेळणारे तिघं. प्रेमराज, मी धनसिंग, आणि माझी चुलत बहीण मेघा. ती जळगावच्या कॉलेजात गणित शिकवते. रविवारी बसने यायची आणि नियमांवरून लीलाधरशी कडाकडा भांडायची. तो तिचा आवडता भाग होता.

कापसाचा हंगाम संपला की काट्यावर शुकशुकाट असतो. तशा दोन उन्हाळ्यांत लीलाधरने एक थडगं लिहून काढलं. तहानलेल्या राजाचं थडगं. दोनशे पानी वही भरली. वाळवंटाच्या पोटात सात मजले खाली जाणारं. प्रत्येक दारात काहीतरी जीवघेणं. असलं अवघड प्रकरण चालवणं म्हणजे सांगणाऱ्याचाच जीव मेटाकुटीला येतो. कुणाच्या पखालीत किती पाणी उरलं, दिवा किती वेळ पुरेल, कुठली फरशी कुणी आधीच दाबून ठेवली, सगळं त्याला डोक्यात ठेवावं लागायचं. ते त्याने ठेवलं. वर स्वतःचा एक नियम घातला. गोष्टीतलं पाणी संपलं की खोलीतलंही संपलं. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात, वीज गेलेली असताना आम्ही सुकलेल्या तोंडाने बसायचो आणि माठ त्याच्या मागे. मी एकदा माठाकडे हात नेला तर त्याने हातावर फुटपट्टी मारली.

प्रेमराजचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या जळलेल्या मोटारी तो उकलून पुन्हा गुंडाळायचा. खेळात त्याचा माणूस होता भटू पाणाडी. बाकीच्या जगात या खेळात लोक योद्धे न् जादूगार होतात. आमचा प्रेमराज तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी शोधणारा झाला. लीलाधर आधी हसला, मग त्याने मान्य केलं. सहा वर्षं भटू जिवंत होता. माझे या काळात चार गडी मेले.

मेघाची योद्धी दोन उन्हाळ्यांपूर्वी मे महिन्यात मेली. पाचव्या मजल्यावर एक दगडी मगर होती. तिच्या जबड्यात हात घातल्याशिवाय पुढचं दार उघडत नव्हतं. फाशावर दहा किंवा वर पडलं तर हात सुटतो, दहाच्या खाली पडलं तर खोलीत वाळू भरते आणि हात अडकलेला माणूस जातो. मेघाला नऊ पडले. एकाने गेली. तिने त्या योद्धीला चार वर्षं वाढवलं होतं. ती रडली, नंतर भांडली, नंतर परत रडली. लीलाधरचं तोंड उतरलं होतं, पण म्हणाला, "नऊ म्हणजे नऊ, मेघा." मग माठातलं थंड पाणी तिला दिलं आणि नवा माणूस लिहून काढायला कोरा कागद पुढे ठेवला. आम्ही दोन दिवे आणि तिचा मुडदा घेऊन माघारी फिरलो.

गेल्या मार्चमध्ये प्रेमराजच्या पोटात दुखायला लागलं. नाशिकला तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुलक्षणावहिनीला, बाहेर बोलावून चार महिने सांगितले. प्रेमराजला सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळा.

वहिनी धुळ्याची. शांत बाई. तिने आम्हा तिघांना घरी बोलावलं. प्रेमराज दुकानात होता. "यांच्या वडिलांचं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. आम्हाला माहीत होतं. जीवरामआबांना डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, की आता फार दिवस नाहीत. आबा घरी आले, भिंतीकडे तोंड करून पडले, अन्न सोडलं आणि अकराव्या दिवशी गेले. "हे त्यांच्याच वळणावर गेलेत. कळलं तर हे पण तेच करतील. मला चार महिने हवेत, भाऊ. पूर्ण चार." मग ती एकट्या लीलाधरकडे वळली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. बोलूच नका. फक्त रविवार बंद करू नका. बंद केलात तर यांना संशय येईल."

लीलाधरने मान हलवली. रस्त्यात तो मला म्हणाला, "धना, रविवारपुरता मी आजारी पडू का?" मी त्याला शिव्या घातल्या. आज वाटतं, पडू द्यायला हवं होतं.

आठ रविवार निभावले. प्रेमराज वाळत चालला होता, पण मजेत होता. बोलायचा कायम अहिराणीत. पथ्याचा वरणभात डब्यात आणायचा आणि "अल्सर बरा व्हवू दे, मग दाखाडस तुम्हले" म्हणत वहिनीला दोन शिव्या देऊन खायचा. नववा रविवार मे महिन्याच्या मधला. आम्ही परत त्या मगरीसमोर उभे होतो. गोष्टीतलं पाणी संपलं होतं, म्हणजे आमचंही. प्रेमराजला खोकला आला. लीलाधर उठला, माठातला पेला भरून त्याने त्याच्यापुढे ठेवला. प्रेमराजने पेल्याकडे बघितलं आणि पिऊन टाकला.

मग म्हणाला, "दगडामागे पानी शे. भटूले वास उना. मी हात घालस."

मेघाने अडवलं, मी अडवलं. पण कुणीतरी हात घालायलाच हवा होता, आणि प्रेमराजला "बघू तर खरं" म्हटल्याशिवाय कधी चैन पडलं नाही. त्याने फासा टाकला. फासा वहीला आपटून थांबला. चार.

लीलाधर वहीत बघत बसला. ती वही त्याला तोंडपाठ होती. पान उलटलं, परत मागे आणलं. मग खाली मान घालून म्हणाला, "वाचला. इथे तीनच लागतात."

मी लगेच म्हणालो, "हो हो, तीनच." माझ्या जिभेला हाड नाही. मेघा गप्प होती.

प्रेमराज एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. फासा त्याने उचलला नाही. "मेघाले नऊ पडनात, ती मरनी," तो हळू म्हणाला. "माले चार पडनात आनि मी कसा वाचनू?" मग मेघाकडे वळला. "आनि तू भांडत का बरं नही?"

मेघाने ओढणी तोंडाला लावली. ती भांडली असती तर निभलं असतं असं मला अजून वाटतं. पण त्या पोरीला तरी काय दोष द्यायचा.

"लीलाधर, तुम्हले बठ्ठासले माहीत शे ना? माले काय व्हयेल शे?"

लीलाधरने तोंड उघडलं. मला वाटलं, अल्सर म्हणेल. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, म्हण, एकदा म्हण. त्याच्या तोंडून 'अ'सुद्धा निघाला नाही. चष्मा काढून तो रडायला लागला. चाळिशीचा माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसत रडत होता.

"डॉक्टरनी कितला दिन सांगात?"

"चार महिना," लीलाधर म्हणाला. "दोन व्हई ग्यात."

प्रेमराजने भटूचा कागद पुढे ओढला, घामाने कडा मऊ झालेला. म्हणाला, "मंग भटू मरना. आते सांग कसा मरना ते. मेघाले सांगं तसंच सांग. काही गाळू नको."

आणि लीलाधरने सांगितलं. छतातून वाळू कशी झिरपायला लागली, घोट्यापर्यंत कशी आली, कमरेपर्यंत कशी. दिवा कधी विझला. मधे मधे आवाज फुटायचा, तेव्हा प्रेमराज वाट बघायचा. सांगून झाल्यावर त्याने कागदावर स्वतःच्या हाताने 'मयत' लिहिलं, डबा उचलला आणि घरी गेला.

वहिनीला जी भीती होती तेच झालं. त्याने भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही. वहिनीला एवढंच विचारलं, "तूसुद्धा?" आणि जेवण सोडलं. एकोणीस दिवसांनी गेला. त्या एकोणीस दिवसांत रोज दुपारी तो लीलाधरला बोलावून घ्यायचा. दोघं मोटारींबद्दल, होस्टेलबद्दल बोलायचे. खरं सांगितलं म्हणून लीलाधरवर त्याचा राग नव्हता. खोटं सांगितलं म्हणून बायकोशी तो धड बोलला नाही. पाणी तिच्या हातून घ्यायचा, पण तोंड भिंतीकडे करून.

दहाव्याला सगळे जमले होते. वहिनी सगळ्यांसमोर लीलाधरला म्हणाली, "माझे दोन महिने तुम्ही नेलेत." तो हात जोडून उभा राहिला. मला पुढे होऊन सांगायचं होतं की अहो, आम्ही तिघं होतो, मीही बोललो होतो. मी पुढे झालो नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती आणि त्याची मला लाज वाटते.

त्यानंतर खेळ बंद झाला. लीलाधरने वही कुठे ठेवली मला माहीत नाही. रिवाइंडिंगच्या दुकानाची गल्ली टाळून तो लांबून काट्यावर जायला लागला. घरी बायको-पोरांशी बोलायचा, कामही चोख, पण एकदा मला म्हणाला, "मी त्या दिवशी भटूला मारायला हवं होतं, धना. चारवर मारला असता तर प्रेमराज अजून दोन महिने जगला असता." मी चहा मागवला.

यंदा संक्रांत झाल्यावर वहिनीचा निरोप आला. लीलाधरभाऊंना घेऊन या, भांडायचं नाही. आम्ही गेलो. ओट्यावर कापसाच्या वाती वळत बसली होती. फार वाळली होती. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, लीलाधर मात्र बसला नाही. दारातच उभा राहिला.

"भाऊ, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "शेवटी तुम्ही रोज यांच्याजवळ बसायचात. मी आत असायचे, मला काही ऐकू यायचं नाही. हे माझ्याबद्दल काही बोलले का?"

मी लीलाधरच्या दंडाला चिमटा काढला. येताना वाटेत मला अंदाज आला होता म्हणून मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, की सुलक्षणाने फार केलं असं तो म्हणाला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने हात वर केला. "तुम्ही नका सांगू, धनाभाऊ. लीलाधरभाऊंना सांगू द्या."

लीलाधर तिच्याकडे बघत होता.

"नाही, वहिनी," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिने हातातली वात पूर्ण वळली आणि ताटलीत ठेवली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "यांच्यासाठी बोललात ना खोटं, भाऊ. माझ्यासाठी एक नाही बोलता आलं?"